परक्या भाषेतलं वेड : डच स्थलांतरित आणि अमेरिकेतली मेंटल हॉस्पिटलं

१९०० च्या आसपास नेदरलँड्समधून अमेरिकेला गेलेल्या गरीब माणसाची कहाणी नाव माहीत नसतानाही बऱ्यापैकी नेमकी सांगता येते, कारण हजारो लोकांची ती तशीच होती. झीलंड नाहीतर फ्रीसलंडमधलं गाव, तुटपुंजी शेती. १८८० च्या आसपास अमेरिकेतून स्वस्त धान्य युरोपात यायला लागलं आणि डच शेतकऱ्याचं कंबरडं मोडलं, मग होतं नव्हतं ते विकून रॉटरडॅमला जायचं, हॉलंड-अमेरिका लाइनच्या बोटीचं थर्ड क्लासचं तिकीट काढायचं आणि न्यूयॉर्कच्या समोर न्यू जर्सीत होबोकनला उतरायचं. वरच्या क्लासवाले तिथूनच घरी जायचे, थर्ड क्लासवाल्यांना छोट्या बोटीत भरून एलिस आयलंडला तपासणीला न्यायचे. तिथे पास झालात की न्यू जर्सीतल्याच पॅटरसनच्या रेशीम गिरण्या, नाहीतर पार मिशिगनमध्ये ग्रँड रॅपिड्सचे फर्निचरचे कारखाने. चर्च डच, वाणी डच, शेजारपाजार डच, त्यामुळे इंग्लिश न शिकताही वर्षानुवर्षं निभायचं.

आणि मग यातल्याच एखाद्याचं काहीतरी बिनसायचं. झोप उडायची, माणूस तासन्‌तास एका जागी बसून राहायचा किंवा कुणीतरी आपल्या मागावर आहे असं म्हणायला लागायचा. घरच्यांना झेपेनासं झालं की सरकारी मेंटल हॉस्पिटल. न्यू जर्सीत तेव्हा अशी दोन मोठी सरकारी हॉस्पिटलं होती, ट्रेंटनचं १८४८ मध्ये उघडलेलं आणि मॉरिस प्लेन्सचं १८७६ मधलं. आत शेकडो पेशंट, मोजके डॉक्टर आणि सगळा कारभार इंग्लिशमध्ये. जो माणूस इतकी वर्षं डच बोलून जगला तो आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवसांत अशा ठिकाणी येऊन पडायचा जिथे त्याचं एक वाक्य कुणाला कळत नव्हतं, आणि बरेचजण तिथून परत आलेच नाहीत.

मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाषेचा प्रश्न. हाड मोडलं तर एक्स-रे आहे, कावीळ झाली तर रक्त तपासता येतं. स्किझोफ्रेनिया किंवा डिप्रेशन दाखवून देईल अशी ब्लड टेस्ट आजही नाही. सायकियाट्रिस्टकडचं मुख्य साधन म्हणजे बोलणं. पेशंट काय बोलतो, किती वेगाने बोलतो, मध्येच थांबतो का, एका विषयावरून भलतीकडेच जातो का, चेहऱ्यावरचे भाव बोलण्याशी जुळतात का, आज वार कुठला हे सांगता येतं का. यातलं जवळजवळ सगळं भाषेतून कळतं. भाषाच तुटली तर साधन हातात असून नसल्यासारखं.

ही अडचण एलिस आयलंडच्या डॉक्टरांना फार लवकर कळली होती. हे केंद्र १८९२ मध्ये सुरू झालं. लोक रांगेने पुढे सरकायचे, डॉक्टर प्रत्येकाकडे काही सेकंद बघायचे आणि संशय आला की कपड्यावर खडूने खूण करायचे. मानसिक दोषाचा संशय असेल तर एक्स, ठळक लक्षणं दिसली तर वर्तुळातला एक्स. त्या एक्सवाल्यांना बाजूला घेऊन पुढची तपासणी व्हायची, आणि तिथे खरी गोची होती, कारण कित्येक दिवस बोटीत उलट्या काढून आलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली बाई दुभाष्यामार्फत विचारलेल्या प्रश्नाला गोंधळून गप्प बसली तर त्यावरून तिच्या बुद्धीबद्दल काय ठरवणार? हॉवर्ड नॉक्स नावाचे डॉक्टर १९१२ पासून तिथे होते, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाषा न लागणाऱ्या टेस्ट तयार केल्या. लाकडाचे तुकडे जुळवून चित्र पूर्ण करायचं, किंवा समोर चार ठोकळे ठेवायचे, डॉक्टर पाचव्या ठोकळ्याने त्यांच्यावर एका क्रमाने टकटक करणार आणि समोरच्याने तोच क्रम करून दाखवायचा. स्मरणशक्तीच्या टेस्टमध्ये ही कल्पना अजूनही वापरतात. मला हे काम फार मोठं वाटतं. त्यात चुका होत्या, आणि मुळात माणसं गाळायची व्यवस्था म्हणूनच ते चालू होतं, पण निदान समोरच्याला माझी भाषा येत नाही म्हणजे तो मंद नव्हे एवढं तरी या डॉक्टरांनी मान्य केलं.

सगळ्यांनी ते मान्य केलं नाही. हेन्री गोडार्ड या मानसशास्त्रज्ञाने त्याच बेटावर बुद्धिमापनाची बिने टेस्ट भाषांतर करून वापरली आणि १९१७ मध्ये निष्कर्ष छापला की तपासलेल्या ज्यू, हंगेरियन, इटालियन आणि रशियन लोकांपैकी प्रत्येक गटातले साधारण ८० टक्के मतिमंद आहेत. ८० टक्के! कुठल्याही देशातल्या पाचपैकी चार माणसांबद्दल टेस्ट असं सांगत असेल तर चूक टेस्टमध्ये शोधायला हवी होती. गोडार्डने नंतर आपली बरीच मतं बदलली, पण तोवर स्थलांतरितांना विरोध करणाऱ्यांच्या हातात असे आकडे पोचले होते. कायदाही कडक होत होता, १९०७ च्या कायद्यात देशात आल्यापासून तीन वर्षांच्या आत माणूस सरकारी खर्चावर जगायला लागला, म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात गेला तरीसुद्धा, तर त्याला परत पाठवता यायचं, १९१७ मध्ये ही मुदत पाच वर्षांची झाली.

हॉस्पिटलच्या आत काय व्हायचं? त्या काळात तिथले कितीतरी पेशंट मुळात शरीराच्या आजाराचे होते. सिफिलिस मेंदूत पोचून होणारं वेड हे भरतीचं मोठं कारण होतं, त्याचे जंतू मेंदूत असतात हे नोगुची आणि मूर यांनी दाखवलं १९१३ मध्ये. पेलाग्रा या एका व्हिटॅमिनच्या कमतरतेच्या आजारातला भ्रम, थायरॉइड, तापातला वात, हे सगळं बाहेरून वेडासारखं दिसू शकतं. पोटात दुखतंय, महिन्याभरापासून ताप येतोय, डोक्यावर पडलो होतो, हे डॉक्टरला सांगता आलं तर निदान शोधायची दिशा तरी मिळते. पेशंट डचमध्ये ओरडून सांगतोय आणि वॉर्डबॉय "पेशंट असंबद्ध बडबडतो" असं सांगतोय, असं झालं तर ती दिशाही गेली. आणि उपचार? ट्रेंटनला १९०७ पासून हेन्री कॉटन हे प्रमुख होते. त्यांची खात्री होती की वेड शरीरात दडलेल्या इन्फेक्शनमधून येतं, म्हणून त्यांनी पेशंटचे दात काढले, टॉन्सिल काढले, पुढे मोठं आतडं काढायला लागले. आतड्याच्या ऑपरेशननंतर त्यांच्या स्वतःच्या आकड्यांप्रमाणेच साधारण ३० टक्के पेशंट मेले. तिथे नीट इंग्लिश बोलणाऱ्या माणसाचा नकारही ऐकला जात नव्हता, मग भाषा न येणाऱ्याने नको म्हणायचं कसं आणि कुणाला!

भाषेमुळे निदान किती बदलतं हे पुढे मोजूनही बघितलं गेलं. न्यूयॉर्कमध्ये लुईस मार्कोस हे सायकियाट्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये स्पॅनिश मातृभाषा असलेल्या स्किझोफ्रेनियाच्या पेशंटच्या मुलाखती दोन्ही भाषांत घेतल्या. तेच पेशंट इंग्लिशमध्ये बोलताना जास्त आजारी ठरले. शब्द शोधताना लागलेला वेळ विचार अडल्यासारखा दिसतो, तुटक उत्तरं भावनाशून्य वाटतात, चुळबूळ वाढते. पण प्रकरण इतकं सरळ नाही, काही अभ्यासांत उलटं दिसलं, म्हणजे भ्रम मातृभाषेत उघडपणे बाहेर आला आणि परक्या भाषेत पेशंट सावरून, जपून बोलला. मला वाटतं दोन्ही खरं असावं. आजार नसताना दिसू शकतो आणि असताना लपूही शकतो, भाषा परकी असली की चूक दोन्ही बाजूंनी होते.

आता कुणी म्हणेल की स्थलांतरितांचं वेड म्हणजे नुसता गैरसमजच का? तर नाही. नॉर्वेचे सायकियाट्रिस्ट ओडेगोर यांनी १९३२ मध्ये दाखवलं की अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या नॉर्वेजियन स्थलांतरितांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण मायदेशातल्यांपेक्षा जास्त आहे. त्यांचा अंदाज असा की मुळात अस्थिर मनाची माणसंच देश सोडतात. हा अंदाज तपासायची संधी पुढे मिळाली ती नेदरलँड्समध्येच, कारण आता तिथेच लोक येऊन राहत होते. दक्षिण अमेरिकेतली डच वसाहत सुरीनाम १९७५ मध्ये स्वतंत्र झाली त्या सुमारास तिथली साधारण एक तृतीयांश लोकसंख्या नेदरलँड्सला गेली, त्यात उत्तर प्रदेश-बिहारमधून मजूर म्हणून नेलेल्यांचे वंशजही होते. डच सायकियाट्रिस्ट झां-पॉल सेल्टन यांनी हिशोब असा मांडला, की समजा सुरीनामचा एकूण एक माणूस नेदरलँड्सला आला असता, म्हणजे निवडीचा प्रश्नच उरला नसता, तरी प्रमाण जास्त निघतं का? निघालं. म्हणजे नुसती "कमकुवत माणसंच देश सोडतात" हे स्पष्टीकरण पुरत नाही.

२००५ मध्ये सेल्टन आणि एलिझाबेथ कँटर-ग्राय यांनी अनेक देशांतले अभ्यास एकत्र केले, त्यात स्थलांतरितांच्या पहिल्या पिढीला स्किझोफ्रेनियाचा धोका २.७ पट आणि दुसऱ्या पिढीला ४.५ पट निघाला. दुसरी पिढी तर तिथेच जन्मलेली, भाषा अस्खलित, तरी धोका जास्त! त्यांचं म्हणणं असं की सतत बाहेरचा म्हणून वागवलं जाणं, कायम खालच्या पायरीवर राहणं, यामुळे मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या यंत्रणेवर परिणाम होत असावा. हे पक्कं सिद्ध झालेलं नाही, पण नेदरलँड्समधल्या हेग शहरात बघितलं तेव्हा ज्या वस्तीत स्थलांतरितांच्या स्वतःच्या समाजाचे लोक जास्त तिथे धोका कमी दिसला, आणि हे त्या कल्पनेशी जुळतं. पॅटरसनच्या डच गल्लीने कितीजणांना सावरलं असेल याचा हिशोब कुणी ठेवला नाही, पण काही जणांना नक्कीच सावरलं असणार असं मला वाटतं.

डच लोकांनी स्वतः यावर जो उपाय काढला तो मला मनापासून पटतो. त्यांच्या रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चच्या मंडळींनी वर्गण्या काढून स्वतःची मेंटल हॉस्पिटलं उभी केली. मिशिगनमध्ये ग्रँड रॅपिड्सजवळ कटलरव्हिलला १९१० मध्ये, पुढे ते पाइन रेस्ट नावाने ओळखलं जाऊ लागलं. न्यू जर्सीतल्यांनी १९११ मध्ये संस्था काढली, ती पुढे वायकॉफला रुजली. दोन्ही आजही चालू आहेत. नमुना मायदेशातलाच होता, एरमेलो गावी १८८६ मध्ये सुरू झालेलं फेल्डविक. आपल्या भाषेत बोलणारी नर्स, आपली प्रार्थना, आपल्यासारखं जेवण. अर्थात भाषेने सगळंच बरं होत नाही. चित्रकार व्हॅन गॉगची धाकटी बहीण विल १९०२ मध्ये याच फेल्डविकला दाखल झाली, आपल्याच देशात, आपल्याच भाषेत, आणि जवळजवळ ३९ वर्षं तिथे काढून १९४१ मध्ये तिथेच गेली. बराच काळ ती कुणाशी बोलतच नव्हती.

म्हातारपणी हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात गेलेले डच लोक घरातसुद्धा पटकन इंग्लिशवर आले, मुलांना डच येईना. कीस डी बॉट आणि मायकल क्लाइन या भाषाशास्त्रज्ञांनी त्यांची १९७१ आणि १९८७ मध्ये, सोळा वर्षांच्या अंतराने, भाषा तपासली, तेव्हा ज्यांनी सुरुवातीची वर्षं डच टिकवली होती त्यांची ती पुढेही टिकलेली दिसली. पण डिमेन्शियात बऱ्याचदा नंतर शिकलेली भाषा आधी विस्कटते, आणि मग बाप डचमध्ये काहीतरी मागतोय आणि पोटच्या मुलाला ते कळत नाही.

आपल्याकडे कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा रिहॅबिलिटेशन ही संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणते, बरं करते आणि घरी पोचवते, यासाठी त्यांना २०१८ चं मॅगसेसे मिळालं. देशाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून आलेली माणसं असतात ही, आणि पेशंट आपल्या भाषेत गावाचं, नदीचं, देवळाचं नाव सांगायला लागला की घराचा शोध सुरू होतो.

तुमचे आई-वडील मुलांकडे परदेशात राहत असतील, किंवा परप्रांतातल्या कुणाला तुम्ही हॉस्पिटलमध्ये घेऊन जात असाल, तर मातृभाषा कुठली ते केस पेपरवर लिहून घ्यायला सांगा आणि दुभाषी मागा. अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला तो फुकट द्यावा लागतो. स्वतः दुभाषी व्हायचं शक्यतो टाळा, कारण मार्कोस यांनीच १९७९ मध्ये दाखवलं होतं की नातेवाईक कळत-नकळत पेशंटचं बोलणं सौम्य करून सांगतात नाहीतर वाढवून, आणि कधी कधी पेशंटला न विचारता स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात.