गहू गावाचा, तूप तंबूचं: फार्सच्या बासेरींची पार्श्वभूमी

बासेरी माणसाच्या प्रत्येक जेवणात गव्हाची पातळ रोटी असते, आणि तो गहू तो स्वतः क्वचितच पिकवतो. इराणच्या दक्षिणेकडील फार्स प्रांतातली ही फारसी बोलणारी मेंढपाळ जमात. त्यांचा इतिहास समजून घ्यायचा तर सुरुवात याच रोटीपासून करावी लागते. एकटे, स्वयंपूर्ण, कुणाशी देणंघेणं नसलेले भटके अशी त्यांची प्रतिमा शहरांनी पुष्कळ काळ जपली. प्रत्यक्षात बासेरींचं आयुष्य उभं होतं ते वाटेवरच्या प्रत्येक गावाशी असलेल्या व्यवहारावर. हा व्यवहार ज्यांच्या कधी ध्यानातच आला नाही, त्यांनीच पुढे या लोकांचं सर्वात जास्त नुकसान केलं.

१९५७-५८ मध्ये नॉर्वेचे मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ त्यांच्यात राहिले, तेव्हा जमातीत सुमारे ३,००० तंबू आणि साधारण १६,००० माणसं होती. हिवाळा दक्षिणेत, लार शहराच्या बाजूच्या उष्ण आणि कोरड्या टेकड्यांत जायचा. मार्चमध्ये नवरोजच्या सुमारास तिकडचं गवत वाळायला लागलं की शेळ्यांच्या केसांचे काळे तंबू गाढवांवर चढायचे आणि उत्तरेचा प्रवास सुरू व्हायचा. वाट फार्सची राजधानी शिराझच्या पूर्वेने, तख्त-ए-जमशीदचे (प्राचीन पर्सेपोलिसचे) खांब जिथे उभे आहेत त्या मर्वदश्तच्या मैदानातून, कुह-ए-बुल पर्वताच्या कुरणांपर्यंत जाई. एकूण अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास. उन्हाळा तिथे काढून शरद ऋतूत परत खाली.

हा प्रवास हौसेचा नव्हता. त्यांच्या मेंढ्या गावातल्या मेंढ्यांपेक्षा आकाराने मोठ्या आणि जास्त दूध देणाऱ्या, पण त्यांना उत्तरेतली थंडी सोसत नाही आणि दक्षिणेतला उन्हाळाही. वर्षभर एका जागी ठेवल्या तर कळपातली बहुतेक जनावरं मरतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे सरकारने नेमकी तीच विसरली.

प्रत्येक तंबू म्हणजे एक स्वतंत्र प्रपंच. मुलाचं लग्न झालं की बापाच्या कळपातला त्याचा वाटा त्याला तेव्हाच मिळतो आणि तो आपला तंबू वेगळा थाटतो. बार्थ यांच्या काळी एका तंबूमागे सरासरी शंभरेक मेंढ्या-शेळ्या होत्या. साठाच्या खाली आकडा गेला की घर चालवणं अवघड. दूध कच्चं ठेवून टिकत नाही म्हणून त्याचं दही, ताक, उन्हात वाळवलेले कश्कचे गोळे आणि लोणी कढवून केलेलं तूप. हे तूप, लोकर आणि कातडी हाच बाजारात नेण्याचा माल. त्याच्या बदल्यात गहू, चहा, साखर, खजूर, कापड, भांडी, जोडे. थोडेफार बासेरी उन्हाळी मुक्कामाजवळ धान्य पेरून निघण्याआधी कापणीही करून घेत, पण त्यावर वर्ष निघत नसे.

ही देवाणघेवाण एखाद्या मोठ्या बाजारपेठेत होत नसे. बासेरी कुटुंबाचा वाटेवरच्या गावांत एखादा ठरलेला व्यापारी असे आणि त्याच्याकडे वर्षभर उधारी चाले. वसंतात चहा-साखर घेतली, उन्हाळ्यात तूप तयार झालं की हिशेब फिटला. ज्या गिऱ्हाईकाला घर नाही, जे उद्या इथे नसणार, त्याला वर्षाची उधारी देणारा दुकानदार कशाच्या भरवशावर देत असेल? ते गिऱ्हाईक याच आठवड्यात, याच वाटेने, पुढच्या वर्षी पुन्हा येणार हे त्याला पक्कं ठाऊक असे. ठरल्या वाटेने आणि ठरल्या वेळी होणारं स्थलांतर हीच त्याची पत होती.

शेतकऱ्यांशीही असंच गुंतलेलं नातं. आपल्याकडे धनगर शेतात मेंढरं बसवतात तसंच तिथेही कापणीनंतर धसकटांवर कळप चरत आणि जमिनीला खत मिळे. पण भांडणंही याच शेताच्या बांधावर होत. रात्री कळप हिरव्या गव्हात शिरला तर शेतकऱ्याचं वर्ष गेलं. आणि कोर्टात तारीख लागेपर्यंत बासेरी शंभर किलोमीटर पुढे. तो तारखेला थांबला तर मागे जनावरं उपाशी. अशा वेळी जमातीचा प्रमुख, म्हणजे खान, पुढे येई. शेतकऱ्याच्या बाजूने त्याचा जमीनमालक आणि मेंढपाळाच्या बाजूने खान, दोघेही शिराझच्या एकाच वर्तुळात वावरणारे. ते बसून नुकसानभरपाई ठरवत. बासेरींचा हा मान झरगामी घराण्याकडे होता. खानाची सत्ता म्हटलं की आपल्याला बंदुका आणि घोडेस्वार आठवतात. पण माझ्या मते त्याचं खरं काम जमातीच्या वतीने शेजाऱ्यांशी बोलण्याचं होतं.

शेजारी म्हणजे फक्त गावकरी नव्हेत. पश्चिमेला तुर्की बोलणारे कश्काई, पूर्वेला खमसे या पाच जमातींच्या संघातले अरब. त्याच खिंडी, त्याच नद्यांचे उतार सगळ्यांना हवे. म्हणून प्रत्येक जमातीची इल-राह, म्हणजे वाट आणि वेळ दोन्ही, ठरलेली असे. एकाच कुरणावर एप्रिलमध्ये एकाचा हक्क आणि महिन्याभराने दुसऱ्याचा. जमिनीचा असा वाटा जमाबंदीच्या कागदावर उतरवणं अवघडच.

कश्काई बुशहर-शिराझ रस्त्यावर वजन राखून होते आणि बुशहर बंदरात मुंबईहून उतरणारा माल त्याच रस्त्याने खेचरांवर लादून वर येई. त्यांना शह देण्यासाठी १८६१-६२ मध्ये शिराझच्या व्यापारी घराण्यातल्या कवाम-उल-मुल्क यांच्या हाताखाली पाच जमातींचा संघ बांधला गेला: बासेरी, अरब, बहारलू, इनाल्लू आणि नफर. अरबीत पाच म्हणजे खमसा, म्हणून खमसे. भाषा वेगळ्या, मूळ वेगळं. जोडणारी गोष्ट तेहरानचं राजकारण आणि कवामांचा व्यापार. काफिल्यांना संरक्षण मिळालं, बासेरींना शिराझच्या दरबारात पाठीराखा मिळाला.

१९३०च्या दशकात इराणचा राजा रेझा शाह याने हे सगळं एका हुकमाने थांबवलं. भटकंती म्हणजे मागासलेपण, असं धोरण. हत्यारं काढून घेतली, स्थलांतरावर बंदी आणली, जागच्या जागी घरं बांधून राहायला भाग पाडलं. मेंढ्या जिथे अडकल्या तिथे थंडीने किंवा उन्हाने मेल्या. १९४१ मध्ये शाहला गादी सोडावी लागली तेव्हा ज्यांच्याकडे काही जनावरं उरली होती ते पुन्हा वाटेला लागले. याला आधुनिकीकरण म्हणणं मला पटत नाही. धंद्याचं मूळ भांडवलच त्यात मारलं गेलं.

स्थायिक होणं मात्र बासेरींना अनोळखी कधीच नव्हतं. ते सतत चालू होतं आणि दोन टोकांनी. कळप फार वाढला की श्रीमंताला धास्ती वाटे, कारण एका वाईट हिवाळ्यात किंवा रोगात ते धन मरून जातं. मग तो वाटेवरच्या गावात जमीन घेई, ती शेतकऱ्याला बटाईने देई, घरचा गहू मिळू लागे, आणि हळूहळू तो जमीनमालक म्हणून शिराझजवळ राहू लागे. गरिबाचा कळप घटत गेला की तो आधी दुसऱ्याची जनावरं राखी, मग गावात मजूर होई. मधले तेवढे तंबूत राहत. जमातीची संख्या यामुळे आटोक्यात राही आणि कुरणांवरचा भारही. बार्थ यांच्या निरीक्षणातला हा भाग मला सर्वात मोलाचा वाटतो: गाव आणि तंबू यांच्यात भिंत नव्हती, दोन्ही बाजूंना एकाच घरचे लोक होते.

१९५६ मध्ये खानाचा कारभार काढून घेऊन जमातीवर लष्करी अधिकारी नेमला गेला. १९६३ मध्ये कुरणांचं राष्ट्रीयीकरण झालं. चराईचा हक्क परवान्यावर आला आणि जमीन सुधारणेत जुने जमीनमालकही दूर झाले. म्हणजे भांडण मिटवायला बसणारी दोन्ही माणसं एकाच दशकात गेली. १९७०च्या दशकात कोर नदीवरच्या दरूदझन धरणाचं पाणी मर्वदश्तला मिळालं आणि दोन पिकांच्या मधली जी मोकळी जमीन कळपांना वाट देत होती ती बारमाही शेतीखाली जाऊ लागली. आज जे मेंढपाळ उरले आहेत त्यांच्यापैकी पुष्कळजण कळप ट्रकमध्ये चढवून थेट कुरणावर नेतात. मधल्या गावांत ते आता थांबत नाहीत.