मेंदूची तालीम डुकरापाशी कशी आली

भात पोटरीला आलं की कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या मळ्यांतून रात्रभर डबे वाजतात. रानडुकरं आत शिरली की खातात थोडं, तुडवतात जास्त. अशाच एका राखणीच्या रात्री मी आमच्या आबांना सांगितलं, की डुकराच्या स्टेम सेलपासून, म्हणजे कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींपासून, प्रयोगशाळेत कोवळ्या चेतापेशी तयार करतात. आबांनी विडी विझवली. "म्हणजे आता डुकराचो मेंदू माणसाक घालतले?"

शंका अगदीच हवेतली नव्हती. मधुमेहींना डुकराचं इन्सुलिन कित्येक दशकं टोचलं गेलंच होतं. मेंदूपर्यंतही मजल गेली होती. पार्किन्सनच्या काही रुग्णांच्या मेंदूत अमेरिकेत डुकराच्या गर्भातल्या चेतापेशी सोडल्या गेल्या. त्यातला एक रुग्ण सातेक महिन्यांनी दुसऱ्याच कारणाने वारला, तेव्हा मेंदूत थोड्या पेशी तग धरून असलेल्या आढळल्या. तो अहवाल १९९७ चा. त्याच वर्षी हेही पुढे आलं, की डुकराच्या जनुकांत दडलेले विषाणू प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींना बाधतात.

स्टेम सेलच्या या कामात मात्र डुकराची भूमिका वेगळी आहे. इथे ते दाता कमी आणि रुग्णाचा बदली जास्त. उंदराचा मेंदू गुळगुळीत, डुकराचा माणसासारखा वळ्यावळ्यांचा. माणसाच्या कण्यात पेशी सोडताना सुई किती खोल जावी, किती पेशी सोडाव्यात, हे उंदराच्या बोटभर कण्यावरून ठरत नाही. आपल्याकडे दशावतारात नट रंगपटात कथा ठरवून थेट उभे राहतात आणि संवाद तिथल्या तिथे रचतात. कण्याच्या शस्त्रक्रियेत ती सोय नाही, तिथे आधी तालीम लागतेच.

अडचण होती ती तालमीसाठी डुकराच्याच स्टेम सेल मिळवण्याची. १९८१ मध्ये मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी केंब्रिजमध्ये, तर गेल मार्टिन यांनी सॅन फ्रान्सिस्कोत उंदराच्या भ्रूणातून स्टेम सेल मिळवल्या. १९९८ मध्ये विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी माणसाच्या मिळवल्या. डुकराचं मात्र जमेना. उंदराची कृती तशीच लावली तर पेशी टिकत नसत, भलत्याच दिशेला जात. डुकराचं भ्रूण वागतंच निराळं. ते लगेच गर्भाशयाला चिकटत नाही. आधी वाटाण्याएवढा गोळा, मग त्याचा धागा होतो आणि सोळाव्या दिवसाच्या सुमारास हा धागा जवळजवळ मीटरभर लांब असतो. तो सगळा आवरणाचा पसारा, पिल्लू होणारा ठिपका त्यात इवलासा. त्यातून नेमकी वेळ साधून पेशी काढायच्या म्हणजे वाहत्या व्हाळात सुई शोधणंच.

वाट फुटली ती भ्रूण बाजूला ठेवल्यावर. २००६ मध्ये क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना पुन्हा स्टेम सेलसारखं केलं. २००९ मध्ये चीनमधल्या दोन आणि अमेरिकेतल्या एका गटाने काही महिन्यांच्या अंतराने हेच डुकरात साधलं. त्यातही एक खोट होती: बाहेरून घातलेली जनुकं काम झाल्यावर गप्प बसायला हवीत, डुकराच्या पेशींत ती बरेचदा चालूच राहत.

त्याच २००९ मध्ये चेतापेशींकडे वळवण्याची सुटसुटीत रीत न्यूयॉर्कमधल्या एका गटाने माणसाच्या पेशींवर दाखवली. मला सगळ्यात आवडते ती हीच, कारण तिच्यात सांगण्यापेक्षा अडवणं जास्त आहे. पेशींना इतर ऊतींकडे नेणारे दोन संदेश रोखले, की बहुतेक पेशी आपणहून चेतापेशींच्या वाटेला लागतात. बेडकाच्या भ्रूणांवरून ही कल्पना नव्वदच्या दशकातच आली होती. दीडेक आठवड्यात बशीत पेशींची गोल कडी धरलेली दिसते, सुरंगीचा वळेसर गुंडाळून ठेवावा तशी. याच त्या कोवळ्या पेशी. त्यांतून पुढे चेतापेशीही होतात आणि त्यांना आधार देणाऱ्या पेशीही.

२०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांच्या पुढाकाराने अशा पेशी जनुकीयदृष्ट्या जुळणाऱ्या बुटक्या डुकरांच्या कण्यात सोडल्या गेल्या. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं न देताही त्या टिकल्या.

आबांना एवढंच सांगितलं, की डुकराच्या पेशी डुकरातच घालतात. "मग बरा," म्हणाले, आणि पुन्हा डबा उचलला.