ग्वाल्हेर समशीतोष्ण, मग मेमध्ये लू (उन्हाळ्यातला तापलेला कोरडा वारा) कशी?

वर्षानुवर्षे फिरणारा एक समज: कर्कवृत्ताच्या उत्तरेला समशीतोष्ण कटिबंध, म्हणून तिथली हवा सौम्य. ग्वाल्हेर २६ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे समशीतोष्णातच. पण इथल्या मेमध्ये सरासरी कमाल तापमान ४० अंशांच्या वर असतं!

शाळेत शिकलेली ही विभागणी चुकीची नाही, फक्त ती सूर्याच्या उंचीची आहे, तापमानाची नव्हे. कर्कवृत्तापर्यंतच सूर्य कधीतरी बरोबर डोक्यावर येतो. २१ जूनला साधारण १२ वाजून २० मिनिटांनी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गच्चीवर १ मीटरची काठी सरळ उभी करा. आभाळ मोकळं असेल तर उत्तरेला जेमतेम ५ सेंटिमीटर सावली दिसेल. इतका कमी कललेला सूर्य भाजून काढणारच, त्यात दिवसही मोठा. शिवाय कर्कवृत्ताच्या दक्षिणेचं इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर, ग्वाल्हेर २०० च्या आसपास. म्हणून 'उष्ण' पट्ट्यातल्या इंदूरचा उन्हाळा आपल्यापेक्षा सुसह्य.

हवामानाचे प्रदेश वेगळ्या कसोटीवर ठरतात: महिन्यांची सरासरी तापमानं आणि पाऊस. प्रचलित वर्गीकरणात सर्वांत थंड महिन्याची सरासरी १८ अंशांखाली गेली, की दमट प्रदेशही उष्णकटिबंधीय राहत नाही. आपला जानेवारी तिथेच अडतो, मे नव्हे.