कंटेनर घर मागवण्याआधी एवढं वाचा

"जागा तयार आहे, गाडी पाठवा." असा फोन आला की मालवाहू कंटेनरची घरं बनवणारे आम्ही आता आधी रस्त्याचा व्हिडिओ मागतो. काही ग्राहकांना याचा राग येतो, म्हणून कारण सविस्तर सांगतो.

चाळीस फुटी कंटेनर ज्या ट्रेलरवर येतो, तो पुढच्या गाडीसकट पन्नास फुटांहून लांब असतो. हायक्यूब, म्हणजे जास्त उंचीचा कंटेनर, साडेनऊ फूट उंच. ट्रेलरची उंची धरली तर रस्त्यापासून साधारण साडेचौदा फूट. तुमची कार शेतापर्यंत जाते, विटांचा ट्रकही गेला असेल, पण म्हणून ट्रेलर जाईलच असं नाही. बांधाजवळचं काटकोनी वळण, ओढ्यावरची अरुंद मोरी, शेतपंपाच्या लोंबकळणाऱ्या तारा, रस्त्यावर झुकलेली आंब्याची फांदी, यातलं एक पुरतं. मुळशीकडच्या एका कामात आमचा ट्रेलर प्लॉटपासून थोड्याच अंतरावर अडला आणि परत फिरला. ट्रेलरचं भाडं दोन्ही वेळचं गेलं, क्रेन दिवसभर उभी राहिली, आणि मग पाऊस सुरू झाल्याने ते घर दिवाळीपर्यंत आमच्या यार्डात पडून राहिलं. ते कुटुंब गणपतीत तिथे राहायला जाणार होतं. आम्हालाही फार वाईट वाटलं.

हायड्राचंही, म्हणजे कंटेनर उतरवणाऱ्या क्रेनचंही, तसंच आहे. रिकामा वीस फुटी सव्वादोन टनांच्या आसपास, चाळीस फुटी हायक्यूब जवळपास चार टन, आणि आतलं काम झाल्यावर वजन आणखी वाढतं. क्रेनचा बूम (उचलणारा हात) जितका लांब काढाल तितकी तिची उचलण्याची ताकद कमी होते. म्हणून क्रेनला पायाच्या अगदी जवळ, कडक जमिनीवर उभं राहायला जागा हवी. वर वीजवाहिनी असेल तर आम्ही कंटेनर उचलत नाही. यावर घासाघीस करू नका.

आता पाया. "लोखंडी पेटीच आहे, मुरमावर ठेवून द्या," असं बरेच जण म्हणतात. कंटेनरचा सगळा भार चार कोपऱ्यांवर येतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. एक कोपरा थोडा जरी बसला तरी चौकट पिळवटते. आधी दार अडकतं, मग खिडकीची काच. त्यामुळे काळ्या मातीत खड्डा कडक थरापर्यंत नेऊन काँक्रीटचे पेडस्टल (आखूड खांब) घ्या, आणि सगळ्यांची लेव्हल पाण्याच्या ट्यूबने तपासा. मोठ्या खिडक्या कापल्या असतील तर मध्येही आधार लागतो, कारण भिंतीचा नालीदार पत्रा नुसता आडोसा नसतो, तो भारही पेलतो. याच कारणाने आम्ही प्रत्येक कापाभोवती चौकोनी पाइपची फ्रेम घालतो. "बाजारात यापेक्षा स्वस्तात मिळतं" म्हणणाऱ्यांनी ती फ्रेम तिथे आहे का, ते जरूर बघावं. घर बसवल्यावर गावातल्या वेल्डरकडून नवी खिडकी कापून घेऊ नका. आम्हाला कळवा.

राहायला कसं वाटतं? खरं सांगायचं तर रुंदी अडचणीची आहे. बाहेरून आठ फूट, आतून पावणेआठ, आणि इन्सुलेशन व पॅनेलिंग झाल्यावर सात फुटांच्या जरा वर. डबल बेड आडवा लावला तर बाजूने जायला जागा उरत नाही. साध्या उंचीच्या कंटेनरमध्ये सीलिंग लावल्यावर छताचा पंखा डोक्याला फार जवळ येतो, म्हणून राहण्यासाठी हायक्यूबच घ्या. इन्सुलेशन नसेल तर एप्रिलमध्ये आत बसवत नाही, आणि पावसाळ्यात पत्र्याला आतून घाम फुटतो. वर दीड फूट अंतर सोडून पत्र्याची शेड टाकली तर ऊन आणि पावसाचा आवाज दोन्ही कमी होतात. कोकणात खाऱ्या हवेमुळे गंज लवकर धरतो, विशेषतः वेल्डिंगच्या जागी; तिथे रंगाकडे दरवर्षी लक्ष द्यावं लागतं. अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) आम्ही प्रत्येक घराला देतोच. लोखंडाच्या घरात ते टाळता येत नाही.

जमेची बाजूही मोठी आहे. तुमच्या जागेवर पाया भरला जातो तेव्हा आमच्या यार्डात घर तयार होत असतं. प्लंबिंग, वायरिंग, किचन ओटा तुम्ही इथे येऊन पाहू शकता. जागा बदलली तर घर सोबत नेता येतं, आणि विकायचं ठरलं तरी गिऱ्हाईक मिळतं. मात्र आरसीसीच्या, म्हणजे सिमेंट-काँक्रीटच्या, घरापेक्षा हे नेहमी निम्म्यात होतं, असं आम्ही कधीच सांगत नाही. चांगलं इन्सुलेशन आणि शेड धरली की फरक कमी होतो. उचलून नेता येतं म्हणजे परवानगी लागत नाही, असंही धरून चालू नका. ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयात आधी विचारा.

तेव्हा बुकिंगआधी मुख्य रस्त्यापासून प्लॉटपर्यंतचा सलग व्हिडिओ पाठवा, मध्ये न थांबवता, वरच्या तारा दिसतील असा. शंका वाटली तर आमचा माणूस टेप घेऊन येऊन रस्ता मोजतो, त्याचे पैसे आम्ही घेत नाही. चाळीस फुटी जाणार नसेल तर दोन वीस फुटी जोडून तेवढंच घर करून देऊ.