पंपाची जागा टाकी ठरवते

मुंबईत पंपाचं काम एकच: तळटाकीतलं पाणी गच्चीवर चढवणं. पालिकेचं पाणी येऊन गेलं की वॉचमन बटण दाबतो, आणि सात मजले चढवायचे म्हणून मोटरही दमदार लागते. ही सवय डोळ्यांत घेऊन दादर-पार्ल्याचं कुणी मुलाकडे ब्रिटनला गेलं, तर जुन्या घरातला हीटिंगचा पंप बघून चक्रावतंच. तीन मजली घर, खोलीखोलीत गरम पाण्याने तापणारे रेडिएटर, आणि ते सगळं पाणी फिरवणारा पंप दोन मुठींएवढा. वीजही जुन्या पिवळ्या दिव्याइतकीच खातो.

तिथे पाणी चढवायचंच नसतं. बॉयलरमधून रेडिएटरकडे आणि तिथून परत बॉयलरकडे, असं ते काठोकाठ भरलेलं वेटोळं आहे. एका बाजूने जेवढं पाणी वर जातं तेवढंच दुसऱ्या बाजूने खाली येतं, आणि उतरणाऱ्याचं वजन चढणाऱ्याला तोलून धरतं. पंपाला झगडायचं असतं ते फक्त पाइपांतल्या घर्षणाशी.

मुळात या घरांत पंप नव्हताच. ८० अंशांच्या एक घनमीटर पाण्याचं वजन सुमारे ९७२ किलो, ६० अंशांच्या पाण्याचं ९८३. एवढ्याशा फरकावर गरम पाणी वर जायचं आणि रेडिएटरमध्ये निवलेलं खाली यायचं. ही ओढ दर मीटर उंचीमागे जेमतेम ११ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढी, म्हणून जुने पाइप इतके जाडजूड. १९२८ मध्ये जर्मनीत डॉर्टमुंडच्या विल्हेल्म ओप्लेंडर यांनी पाइपाच्या बेंडमध्ये मोटरवर फिरणारा पंखा बसवला, आणि पाणी ढकलायची सोय झाली.

पुढे जुन्या घरांत पंप आले ते बहुधा परतीच्या पाइपावर, बॉयलरच्या अगदी आधी. त्या काळच्या पंपांचं पॅकिंग गरम पाण्यात लवकर जायचं आणि परतीचं पाणी थोडं निवलेलं असायचं. कारण रास्त होतं. पण त्यात टाकीचा विचार राहून गेला.

पाणी २० वरून ८० अंशांवर गेलं की सुमारे पावणेतीन टक्के फुगतं. २०० लिटरला साडेपाच लिटरच्या आसपास जागा जास्त लागते. त्यासाठी माळ्यावर उघडी टाकी असते. आता खरी गंमत इथे आहे. पंप चालू करा की बंद करा, टाकीतली पातळी हलत नाही, कारण भरलेल्या वेटोळ्यात पंप जादा पाणी आणणार कुठून? पातळी तीच, म्हणून टाकीची नळी वेटोळ्याला जिथे जोडली आहे तिथला दाबही तोच. गिल कार्लसन या अमेरिकी अभियंत्याने या जागेला दाब न बदलणारा बिंदू म्हटलं. पंप आपल्या दोन बाजूंत फरक तेवढा पाडतो. तो फरक एकूण दाबात मिळवायचा की वजा करायचा, हे त्या जोडणीवरून ठरतं.

आकडे घालून बघू. सगळ्यात वरच्या रेडिएटरपेक्षा टाकीतलं पाणी १ मीटर उंच आहे, म्हणजे तिथे १ मीटर पाण्याचा दाब. पंप ३ मीटरचा, म्हणजे दोन बाजूंत ३ मीटर पाण्याच्या दाबाएवढा फरक पाडणारा, आणि हा रेडिएटर वेटोळ्यात निम्म्या वाटेवर. पंप टाकीच्या जोडणीकडे ढकलत असेल, तर जोडणीपासून पुढे दाब घटतच जातो. निम्म्या वाटेवर दीड मीटर कमी, म्हणजे रेडिएटरमध्ये उणे अर्धा मीटर, बाहेरच्या हवेपेक्षाही कमी. हवा काढायची चावी फिरवा, हवा बाहेर यायच्या ऐवजी आत शिरेल! शिवाय दाब कमी झाला की पाण्यात विरघळलेली हवाही सुटते. आपला प्लंबर ज्याला ‘हवा धरली’ म्हणतो तेच होतं: रेडिएटर खाली गरम, वर थंड, आणि पाइपांत गुळगुळ. तोच पंप जोडणीच्या पुढे, तिच्याकडे पाठ करून बसवला, तर त्याच रेडिएटरमध्ये अडीच मीटर दाब मिळतो. पंप तोच, वीज तीच.

म्हणून ब्रिटनमधल्या उघड्या टाकीच्या व्यवस्थेत बॉयलरनंतरचा क्रम ठरलेला आहे: आधी वाफेला वाट देणारी उघडी नळी, मग टाकीची नळी, मग पंप. पहिल्या दोन जोडण्यांत १५० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. अंतर वाढलं की दोन्हींच्या दाबांत फरक पडतो आणि उघड्या नळीतून टाकीत पाणी ओतू लागतं किंवा हवा आत ओढली जाते. या नळीवर व्हॉल्व्ह तर कधीच बसवू नये, ती जिवाच्या सुरक्षेसाठी आहे. आणि आजच्या छोट्या पंपाचा फिरणारा दांडा आडवाच हवा. त्याचे बेअरिंग आतल्या पाण्यावरच चालतात, दांडा उभा ठेवला तर तिथे हवा साचून ते कोरडे पडतात.

मुंबईला रेडिएटर लागत नाहीत, पण नियम इथेही तोच. मोठ्या ऑफिस इमारतींच्या सेंट्रल एसीत साधारण ७ अंशांचं पाणी अशाच बंद वेटोळ्यात फिरतं. पंप बेसमेंटमध्ये, टाकी गच्चीवर, आणि तिची नळी खाली आणून पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला जोडलेली. नीट जोडलंय की नाही हे दाब दाखवणारं गेज सांगतं. पंपाच्या ओढणाऱ्या तोंडाशी गेज बघत पंप चालू करायला सांगा. काटा जवळपास जागच्या जागी राहिला तर जोडणी बरोबर. काटा झपकन खाली आला, तर टाकी पंपाच्या चुकीच्या बाजूला आहे.