एक तास काम, आठवडाभर रोजगार

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली आठवीतली मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. शाळेने प्रकल्प दिला होता, 'आपल्या परिसरातील रोजगार, बेरोजगारी आणि स्वयंरोजगार'. वीस घरांत जाऊन विचारायचं, तक्ता करायचा, टक्केवारी काढायची आणि पानाला रंगीत पेनाने चौकट आखायची. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे गल्लीतले सगळे तक्ते शेवटी माझ्या ओट्यावर येतात.

तक्त्यात पंधरा वर्षांवरची साठ माणसं होती. नोकरी १९, धंदा ६, बेरोजगार ३५. खाली लाल पेनाने लिहिलेलं, 'बेरोजगारी ५८ टक्के'. आम्ही नाशिकच्या सिडकोत राहतो. सकाळी अंबडच्या कंपन्यांकडे निघालेल्या दुचाकींतून रस्ता ओलांडता येत नाही. इथे निम्म्याहून जास्त माणसं बेरोजगार कशी, म्हणून त्या पस्तीसांची नावं बघत गेलो. सहाव्या ओळीत तिचे स्वतःचे वडील! पहाटे चारला उठून मटकी शिजत घालणारा, साडेसहाला मिसळीचा गाडा लावणारा आणि दुपारी अडीचपर्यंत पाठ न टेकणारा माणूस.

"अगं, बाबा बेरोजगार?"

"काका, त्यांना कंपनीतून काढलं ना. आता नोकरी कुठंय?"

चूक तिची एकटीची नाही. लग्न जमवताना आपणही विचारतोच, मुलगा काय करतो? उत्तर येतं, 'काही नाही, धंदा करतो.' महिन्याच्या महिन्याला पगार, पीएफ आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र म्हणजे रोजगार, बाकी सगळी वाट बघणारी माणसं, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. देशाचं चित्र याच्या बरोबर उलटं आहे. सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात, म्हणजे पीएलएफएसमध्ये, २०२३-२४ साली काम करणाऱ्या दर शंभरांत ५८ जण स्वयंरोजगारात निघाले. नियमित पगारावर २२ सुद्धा नव्हते. उरलेले वीसेक रोजंदारीवर. त्या पगारदारांतही, शेती सोडून इतर कामं करणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांच्या हातात लेखी करार नाही.

तेव्हा वहीतला पहिला रकाना खोडला आणि तिला सांगितलं, 'नोकरी आहे का?' हा प्रश्नच विचारायचा नाही. विचारायचं, 'गेल्या सात दिवसांत काय केलंत?'

इथून पुढे माझ्या आवडीचा भाग सुरू होतो, जरा धीर धरा.

सर्वेक्षणाचा माणूस दारात येतो तेव्हा त्याच्याकडे सांकेतिक अंक असतात. स्वतःचा धंदा एकट्याने चालवणारा ११, पगारी माणसं कामाला ठेवणारा १२, घरच्या धंद्यात बिनपगारी हातभार लावणारा २१, पगारदार ३१, रोजंदारीवरचा ५१, काम शोधणारा किंवा मिळालं तर करायला तयार असलेला ८१, विद्यार्थी ९१, घरकाम करणारी ९२, पेन्शनवाला ९४. सगळी माणसं शेवटी तीनच कप्प्यांत पडतात: काम करणारे, काम हवं असून न मिळालेले आणि कामाच्या बाजारातच नसलेले. शेजारची आजी, बारावीचा पोरगा, माझ्यासारखा पेन्शनर हे तिसऱ्या कप्प्यात. आमच्याकडे काम नाही हे खरं, पण आम्ही ते मागतही नाही. म्हणून आम्ही बेरोजगार नाही.

आता सात दिवसांचा नियम. या सातांपैकी कोणत्याही एका दिवशी निदान एक तास काम केलं असेल, तर तो माणूस त्या आठवड्यात काम करणारा. एक तास! तेवढंही केलं नाही, पण शोधलं किंवा तयारी होती, तर बेरोजगार. दोन्ही नाही तर बाजाराबाहेर. उतरंड अशीच लावतात, काम सगळ्यात वर, बेरोजगारी त्याच्या खाली, बाकी सगळं तळाशी. वरच्या मडक्यात एक थेंब पडला तरी खालच्या मडक्यांकडे बघायचं नाही.

हे ऐकून लोक चिडतात. सरकारने आकडा लपवायला शोधलेली युक्ती आहे म्हणतात. पण हा निकष दिल्लीत जन्मलेला नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या छत्राखाली जगभरचे संख्याशास्त्रज्ञ भरतात, त्यांच्या १९८२ च्या परिषदेत तो ठरला. कारणही साधं आहे. त्या एका तासात जे पिकलं, शिवलं, विकलं, ते देशाच्या उत्पन्नात धरलं जातं. मग ते करणारा माणूसही कुठेतरी मोजला गेलाच पाहिजे. आणि बेरोजगारी म्हणजे कामाचा पूर्ण अभाव, अशी व्याख्या एकदा केली की एक तासवाला त्यात बसत नाही. नियमात लबाडी नाही. लबाडी होते ती 'रोजगार आहे' याचा अर्थ 'पोट भरतं आहे' असा लावताना.

एक उदाहरण घेऊ. सुरगाणा-पेठकडून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या दहा मजुरांची टोळी धरा. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) अशी कामं निघतात. समजा अवकाळीने एक आठवडा खराब गेला, प्रत्येकाला सोमवारी एकच दिवस काम मिळालं आणि बाकी सहा दिवस नाक्यावर उभं राहून परत. आठवड्याच्या निकषाने टोळीतली बेरोजगारी शून्य टक्के. आता माणसं मोजण्याऐवजी दिवस मोजा. दहा माणसांचे सत्तर दिवस, त्यातले दहा भरले, साठ रिकामे. बेरोजगारी ८६ टक्के. माणसं तीच, बाग तीच, आठवडा तोच.

दिवस मोजायची ही पद्धत आपल्याकडे होती. प्रा. एम. एल. दांतवाला यांच्या समितीने १९७० मध्ये सांगितलं की आपल्या देशात बेरोजगारी एका आकड्यात मावणार नाही. त्यानंतर १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीपासून तीन आकडे निघू लागले: वर्षाच्या हिशेबाने, आठवड्याच्या आणि दिवसाच्या. २०११-१२ चे तिन्ही शेजारी ठेवले तर अनुक्रमे २.२, ३.७ आणि ५.६ टक्के. एकच देश, एकच पाहणी. मला विचाराल तर ५.६ आणि २.२ यांच्यातल्या फटीत आपली टोळी नाक्यावर उभी आहे. पीएलएफएस २०१७ मध्ये सुरू झालं आणि त्यात वर्ष आणि आठवडा एवढेच आकडे छापून येतात. दिवसाचा आकडा गेला याचं मला अजून वाईट वाटतं.

वर्षाचा हिशेब तर आणखी मजेदार आहे. तो दोन पायऱ्यांनी चढायचा. एक माणूस घ्या. वर्षात १०० दिवस काम केलं, १२० दिवस शोधत फिरला, १४५ दिवस दोन्ही नाही, आजारपण आणि गावाकडे. पहिली पायरी: काम आणि शोध मिळून २२० दिवस, ते १४५ पेक्षा जास्त, म्हणून तो बाजारात आहे. दुसरी पायरी: त्या २२० दिवसांत शोध १२०, काम १००, म्हणून मुख्य स्थिती बेरोजगार. सुटलो असं वाटतं, पण थांबा. वर्षात तीस दिवस किंवा जास्त दुय्यम, म्हणजे मुख्य स्थितीच्या जोडीला, काम केलं असेल तर तो कामकरी धरायचा. याने १०० दिवस केलंय. म्हणजे मथळ्यात येणाऱ्या आकड्यात हा माणूस बेरोजगार नाही.

इथे मुलीने जांभई दिली. तुम्हीही दिली असेल. पण हे दोन निकष वेगळे आहेत एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे, कारण २०२३-२४ चा वार्षिक दर ३.२ टक्के आणि मग एप्रिल २०२५ चा मासिक दर ५.१ टक्के आल्यावर 'बेरोजगारी एकदम वाढली' असे मेसेज माझ्या फोनवर आले होते. पहिला आकडा वर्षाच्या निकषाचा, दुसरा आठवड्याच्या. वीतभर आणि हातभर यांची तुलना करून कापड वाढलं म्हणण्यासारखं झालं.

पुन्हा वहीकडे. आम्ही दोन संध्याकाळी बसून साठ माणसं नव्याने लावली. मिसळवाले बाबा ११. दुपारी फोनवर ऑर्डर घेऊन जेवणाचे डबे पोचवणारा पोरगा, ज्याला कंपनी 'पार्टनर' म्हणते, तोही ११. त्याला पगार नाही, रजा नाही, पण गाडी आणि पेट्रोल त्याचं. याला स्वयंरोजगार म्हणायला माझी जीभ अडखळते, तरी रकाना तोच. माहेर येवल्याचं असलेली एक काकू सांगत होती, तिची आई पन्नास वर्षं पैठणीच्या मागाशेजारी बसून धाग्याच्या कांड्या भरते, पण मजुरी वडिलांच्या हातात. आईने एक रुपया स्वतःचा पाहिला नाही. त्या आईचा अंक २१. मघाचे ते ५८ टक्के स्वयंरोजगारी म्हणजे सगळे उद्योजक असं भाषणात ऐकाल तेव्हा ही बाई आठवा. काम करणाऱ्या दर पाच भारतीयांत जवळपास एक जण असा बिनपगारी हातभार लावणारा आहे.

नवा तक्ता असा झाला: काम करणारे ३६, बेरोजगार ३, बाजाराबाहेर २१. मुलीने लगेच ३ भागिले ६० केलं. इथे दुसरी गंमत. बेरोजगारीचा दर काढताना खाली सगळी माणसं घ्यायची नसतात, फक्त बाजारात असलेली घ्यायची. ३६ अधिक ३, म्हणजे ३९. दर ७.७ टक्के.

आणि आता हे तिघे कंटाळले, घरी बसले, 'आता नकोच काम' म्हणू लागले तर? वर शून्य, खाली ३६. दर शून्य टक्के, गल्लीत पेढे वाटा! उलट, अंबडला नवी कंपनी आली, भरती आहे असं कळलं, आणि घरकामात असलेल्या पाच जणी अर्ज करायला निघाल्या तर? वर ८, खाली ४४. दर १८ टक्के. आशा वाढली की बेरोजगारी वाढते आणि आशा सुटली की घटते, निदान कागदावर. म्हणून मी नुसता बेरोजगारीचा दर कधी वाचत नाही. शंभरांतले किती जण बाजारात उतरलेत, ते आधी बघतो. पंधरा वर्षांवरच्या बायकांमध्ये हे प्रमाण २०१७-१८ साली २३ टक्के होतं, २०२३-२४ ला ४१ च्या वर गेलं. चांगली बातमी आहे. पण त्यातल्या किती जणी कांड्या भरतायत, हेही विचारावं.

पुस्तकात हंगामी आणि छुपी बेरोजगारी येते, परीक्षेपुरती सांगून टाकतो. बाग छाटून झाली की मजुराला काम नाही, ही हंगामी. दोन एकर कांद्यात तिघे भाऊ राबतात, एक निघून गेला तरी कांदा तेवढाच निघतो, ही छुपी. सर्वेक्षणात मात्र तिघेही कामकरीच.

वहीतले तीन बेरोजगार कोण होते? तिघेही पंचविशीच्या आतबाहेर आणि तिघेही पदवीधर. एक अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेचे फॉर्म भरणारा, फॉर्म भरणं हेही काम शोधणंच. हा योगायोग नाही. १५ ते २९ वयोगटात २०२३-२४ चा दर १०.२ टक्के होता, सगळ्यांच्या दराच्या तिप्पट. वाट बघत बसायला घरात कुणीतरी कमावतं लागतं. सुरगाण्याच्या मजुराला ती ऐपत नाही, तो मिळेल ते उचलतो आणि आकड्यातून गायब होतो.

त्या तिघांपैकी एकाच्या आईने त्र्यंबकला कालसर्प शांती केली. पुढे नोकरी लागेलच, कारण बहुतेकांना कधी ना कधी लागतेच, आणि श्रेय राहू-केतूला जाईल. पूजा न करताही ज्यांना लागली त्यांची यादी कुणी करत नाही. अशीच दुसरी हवा सिंहस्थाची. कुंभात अमुक लाख रोजगार, असं कुणी म्हणालं की विचारा, किती दिवसांचे? समजा एक लाख माणसांना पंधरा दिवस काम मिळालं. झाले पंधरा लाख मनुष्यदिवस. वर्षाला तीनशे दिवसांची पूर्ण नोकरी धरली तर त्या पाच हजार नोकऱ्या भरतात. पाच हजारही वाईट नाहीत, पण लाख म्हणू नये.

तक्ता पुरा झाला. मुलीने नवी चौकट आखली, 'बेरोजगारी ७.७ टक्के' असं हिरव्या पेनाने लिहिलं. मग विचारलं, "काका, मी ९१ ना? विद्यार्थी?"

"शनिवारी कुठं होतीस?"

"बाबांच्या गाड्यावर. गर्दी होती, दोन तास कांदा चिरला."

मी उतरंड पुन्हा दाखवली. काम सगळ्यात वर, शाळा तळाशी. तिचं वय तेरा, म्हणून पंधरा वर्षांवरच्या आकड्यात ती येत नाही. पण तिचा अकरावीतला भाऊ रविवारी गाड्यावर प्लेटा विसळतो, तो येतो. तिने वहीत भावाची ओळ शोधली, ९१ खोडलं आणि २१ केलं. मग बेरीज चुकली म्हणून पान फाडलं.