क्राफ्ट बिअरचे आस्वादन

लहान, स्वतंत्र मालकीच्या ब्रुअरींमध्ये बनणारी बिअर लक्षपूर्वक चाखून तिचा रंग, फेस, वास, चव आणि तोंडात जाणवणारा दाटपणा यांविषयीचा आपला अनुभव शब्दांत उतरवण्याची आणि तो इतर रसिकांपुढे ठेवण्याची हौशी प्रथा. अशा नोंदीला आस्वाद-टिपण म्हणता येईल. ब्रुअरीतील तज्ज्ञांचे परीक्षण आणि मित्रमंडळींतील गप्पा या दोहोंच्या मध्ये तिची जागा आहे. टिपण लिहिणाऱ्याला आपली आवडनिवड सांगण्याची पूर्ण मुभा असते. मात्र आवडले म्हणजे नेमके काय आवडले, हे सांगण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते, आणि टिपणाचे मोल बहुतांशी तेथेच ठरते.

ही प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे. त्यापूर्वी अमेरिकेच्या बाजारपेठेवर एकमेकींशी मिळत्याजुळत्या फिकट लागर (थंडाव्यात सावकाश आंबवलेल्या) बिअरचे वर्चस्व होते आणि वर्णन करावे असा फरकच फारसा हाती लागत नव्हता. ब्रिटनमध्ये १९७१ साली ‘कॅम्रा’ ही ग्राहकांची चळवळ पिंपात मुरणाऱ्या पारंपरिक एल (लागरपेक्षा उबदार तापमानात आंबवलेली बिअर) हिच्या रक्षणासाठी उभी राहिली. अमेरिकेत फ्रिट्झ मेटॅग यांनी १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोची डबघाईला आलेली अँकर ब्रुअरी सावरली, १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात न्यू अल्बियन ही छोटी ब्रुअरी निघाली आणि १९७८ च्या कायद्याने घरगुती वापरासाठी बिअर बनवण्याचा मार्ग मोकळा केला. घरी बिअर बनवणाऱ्याला आपल्या बिअरमध्ये काय बिघडले हे ओळखावेच लागते. त्यामुळे चवीविषयी काटेकोरपणे बोलण्याची सवय आधी याच मंडळींना लागली असावी. १९७७ मध्ये ब्रिटिश पत्रकार मायकल जॅक्सन यांनी जगभरातील बिअरची प्रकारांनुसार मांडणी करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणतीही बिअर तिच्या प्रकाराच्या चौकटीत पाहावी, ही आज गृहीत धरली जाणारी दृष्टी रुजवण्यात त्या मांडणीचा वाटा मोठा आहे.

शब्दसंग्रह मात्र दुसऱ्या बाजूने आला. डॅनिश रसायनतज्ज्ञ मॉर्टन मीलगार्ड यांनी १९७० च्या दशकात बिअरचे ‘स्वादचक्र’ तयार केले आणि युरोप व अमेरिकेतील बिअर उद्योगाच्या संस्थांनी ते स्वीकारले. या चक्रात वास आणि चवी १४ वर्गांत विभागल्या आहेत. एकाने ‘लोणी’ म्हटले की दुसऱ्याच्या मनातही तोच वास यावा, एवढाच त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. यातील पुष्कळ संज्ञांमागे एखादे ठरावीक रसायन असते. लोण्याचा वास डायअसेटिलचा; शिजवलेल्या मक्याचा डायमिथिल सल्फाइडचा; हिरव्या सफरचंदाचा अ‍ॅसिटाल्डिहाइडचा; केळ्याचा आयसोअमिल अ‍ॅसिटेटचा. उजेड लागलेल्या बिअरला स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधीची आठवण करून देणारा वास येतो, कारण हॉप्समधील (बिअरला कडवटपणा आणि सुवास देणाऱ्या वेलीच्या फुलांमधील) कडू घटक प्रकाशात फुटून गंधकयुक्त संयुग तयार होते. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीत हे लवकर घडते; तपकिरी काच बरेच संरक्षण देते आणि डब्यात तो धोका उरतच नाही.

असे असले तरी वास ओळखणे म्हणजे दोष काढणे नव्हे. केळे आणि लवंग यांचा गंध दक्षिण जर्मनीच्या गव्हाच्या बिअरमध्ये हवाच असतो, कारण तेथे वापरले जाणारे यीस्टच तो निर्माण करते. तोच गंध पिल्सनर या फिकट लागरमध्ये आला तर किण्वन बिघडले असे समजतात. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या परिसरात हवेतील जंगली यीस्टवर आंबवल्या जाणाऱ्या लॅम्बिकला ‘घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीचा वास’ येतो असे लिहिले, तर ती प्रशंसा असते. म्हणून जाणकाराच्या टिपणात बिअरचा प्रकार आधी येतो. नवख्याच्या टिपणात तो पुष्कळदा राहून जातो आणि मग लॅम्बिक आंबट निघाल्याची तक्रार वाचायला मिळते.

चाखण्याची रीत साधी आहे. बिअर बाटलीतून न पिता स्वच्छ, तेलाचा अंशही नसलेल्या पेल्यात ओततात, कारण स्निग्ध पदार्थाने फेस बसतो. तोंडाशी किंचित निमुळता होणारा पेला वास धरून ठेवतो. उडून जाणारी सुगंधी द्रव्ये पहिल्या काही क्षणांत सर्वाधिक जाणवतात, म्हणून घोट घेण्याआधी वास घेतात. नंतर घोट तोंडात फिरवून गिळतात आणि नाकावाटे श्वास सोडतात. ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग याच वेळी, घशाच्या मागून नाकात शिरणाऱ्या वासातून कळतो. वाइनचे परीक्षक घोट थुंकून टाकतात, बिअरचे सहसा गिळतात, कारण कडवटपणा सावकाश चढतो आणि गिळल्यानंतर तो किती वेळ रेंगाळतो हेही पाहायचे असते. कडू चव फक्त जिभेच्या मागच्या टोकाला कळते, हे त्यासाठी दिले जाणारे कारण मात्र चुकीचे आहे. जिभेचा तसा नकाशा केव्हाच मोडीत निघाला आहे.

तापमानाकडे हौशी लोकांचे दुर्लक्ष होते, आणि सर्वांत जास्त नुकसान तेथेच होते. गोठणबिंदूच्या जवळ नेलेल्या बिअरमध्ये वास दबतो आणि कार्बन डायऑक्साइडचा चावरेपणा तेवढा उरतो. फिकट लागर ४ ते ७ अंश सेल्सिअसला चांगली लागते, पण जास्त मद्यार्काची गडद इंपीरियल स्टाउट किंवा बार्ली वाइन (नाव वाइनचे असले तरी ही बिअरच) हिचा वास आणि चव १२ अंशांच्या आसपास खुलते. एका बैठकीत अनेक बिअर असतील तर हलक्यापासून जडाकडे जातात, प्रत्येकीचे प्रमाण अगदी थोडे ठेवतात आणि मधे पाणी व बिनमिठाची साधी बिस्किटे घेतात. असे केले नाही, तर हॉप्सने भरलेल्या एका आयपीएनंतर (इंडिया पेल एल या प्रकारानंतर) पुढच्या सौम्य बिअरविषयी काहीही लिहिले तरी ते त्या आयपीएचेच वर्णन असते.

लेबलावरील आकड्यांचा आधार मर्यादित आहे. आयबीयू हे कडवटपणा मोजण्याचे एकक; एक आयबीयू म्हणजे ढोबळमानाने एक लिटरमागे एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल, म्हणजे हॉप्समधून येणारा कडू घटक. पण माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) गोडी हा कडवटपणा झाकते, त्यामुळे मोठ्या आकड्याची स्टाउट लहान आकड्याच्या पिल्सनरपेक्षा कमी कडू वाटू शकते. त्याहून उपयोगी असते ती भरल्याची तारीख. हॉप्सचा ताजा सुवास काही आठवड्यांत ओसरू लागतो आणि जुन्या बिअरला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो. तारीख न देता लिहिलेले आयपीएचे टिपण त्यामुळे निम्मेच विश्वासार्ह असते.

गुण देण्याची पद्धत परीक्षकांकडून हौशींकडे आली. १९८५ मध्ये सुरू झालेल्या बीजेसीपी (बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम) या परीक्षक-कार्यक्रमाच्या गुणपत्रिकेत ५० पैकी १२ गुण वासाला, ३ रूपाला, २० चवीला, ५ तोंडातील स्पर्शाला आणि १० एकूण परिणामाला असतात. स्पर्धेत प्रश्न असतो, ही बिअर आपल्या प्रकाराला किती धरून आहे. हौशी माणूस मात्र आनंदाला गुण देतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. हौशींच्या गुणांचा कल जड, गडद आणि भरपूर हॉप्स घातलेल्या बिअरकडे झुकलेला दिसतो. दोन घोटांत छाप पाडणारी बिअर आणि पूर्ण पेला संपवावासा वाटणारी बिअर या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चांगल्या लागरवर यात अन्याय होतो.

मंडळीत बसून चाखताना आणखी एक अडचण येते. एकाने मोठ्याने ‘आंबा’ म्हटले की उरलेल्यांनाही आंबाच लागू लागतो. लेबल आणि ब्रुअरीची कीर्ती यांचाही असाच परिणाम होतो. म्हणून शिस्तीच्या गटांत आधी लिहितात आणि मग बोलतात. शंका असल्यास त्रिकोणी चाचणी घेतात: तीन पेल्यांपैकी दोनांत एकच बिअर असते आणि वेगळा पेला ओळखायचा असतो. निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तेथे एक-तृतीयांश असल्यामुळे एका यशाने काही सिद्ध होत नाही. शिवाय प्रत्येकाचे नाक वेगळे असते; डायअसेटिल काहींना अत्यल्प प्रमाणातही खटकते, तर काहींना बरेच असूनही जाणवत नाही.

हौशींच्या पसंतीने परीक्षकांचे निकषही बदलले आहेत. अमेरिकेच्या ईशान्य भागात न्यू इंग्लंड धाटणीची आयपीए लोकप्रिय झाली, ती फळांच्या रसासारखी, कमी कडू आणि मुद्दाम गढूळ असते. तिच्याविषयी उत्साहाने लिहिले जात असताना जुन्या वळणाचे परीक्षक तो गढूळपणा हलगर्जीपणाची खूण मानत. २०१८ मध्ये अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशन या बिअर-उत्पादकांच्या संघटनेने आपल्या प्रकार-सूचीत ‘ज्यूसी किंवा हेझी’ (रसाळ किंवा गढूळ) आयपीएची भर घातली, आणि एरवी ज्यासाठी आयपीएचे गुण कापले जात, तो गढूळपणा तेथे प्रकाराचे लक्षण म्हणून नोंदवला गेला.